गेटचा कॅमेरा फक्त रात्री जातो आणि पंप लावला की डीव्हीआर रीस्टार्ट होतो

कातळावरचा (प्रश्न)

घर देवगड तालुक्यात, समुद्र दीडेक किलोमीटरवर. चार ॲनालॉग एचडी कॅमेरे (२ मेगापिक्सेल), चार चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डर), आत १ टीबीची हार्डडिस्क. कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एकच एसएमपीएस (२३० चे १२ करणारी सप्लायची पेटी), डीव्हीआरला सोबत आलेला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर. दोन कॅमेरे पडवीत, एक मांगरावर (आवारातल्या खोपीवर) साधारण २५ मीटरवर, चौथा गेटवर. गेटची केबल गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने फिरवून नेलीय, ती ५५ मीटर भरते. सगळीकडे थ्री प्लस वन केबल (तीन साध्या तारा आणि एक व्हिडिओची).

१) गेटचा कॅमेरा दिवसभर उत्तम. सातनंतर दर चार-पाच सेकंदांनी ‘व्हिडिओ लॉस’, पुन्हा चित्र, पुन्हा लॉस. जवळ उभं राहिलं तर आतून टक-टक ऐकू येते. बसवणाऱ्याने कॅमेरा बदलून दिला, नवाही तसाच. आता तो म्हणतो, दुसऱ्या कंपनीचा घ्या.
२) विहिरीवरचा १ एचपीचा पंप चालू केला की डीव्हीआर रीस्टार्ट. रोज नाही, पण संध्याकाळी हमखास.
३) डीव्हीआरच्या मागची बीएनसी (व्हिडिओची पिन) काढताना हाताला झिणझिण्या येतात.

एसएमपीएसवर मल्टीमीटर लावला तर १२.१ व्होल्ट दाखवतो, म्हणजे सप्लाय ठीक असावा. मग घोळ कुठे?

---

तारजोड

आता कॅमेरा बदलू नका, तिसराही असाच वागेल. आणि १२.१ हा आकडा पेटीतला आहे. कॅमेऱ्याला किती पोचतात ते त्यावरून कळत नाही.

अंधार पडला की कॅमेरा आयआर एलईडी (अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे) लावतो. दिवसा असा कॅमेरा ०.१५ अँपिअरच्या आसपास घेतो, आयआर लागल्यावर ०.४ पर्यंत जातो. थ्री प्लस वन मधल्या पॉवरच्या तारा अर्धा मिमी जाडीच्या धरल्या तर शुद्ध तांब्याचा रोध मीटरला ०.०९ ओहम येतो. ५५ मीटर जायचे आणि ५५ यायचे, म्हणजे ११० मीटर (परतीची तार हिशेबात धरायची बरेच जण विसरतात). झाले १० ओहम. दिवसा दीड व्होल्ट पडतो, कॅमेऱ्याला साडेदहा मिळतात, तो चालून जातो. रात्री ४ व्होल्ट पडतात, उरतात ८. कॅमेरा बंद होतो, आयआर विझतो, लोड गेला की व्होल्टेज परत वर येतं, कॅमेरा चालू होतो, अंधार बघून पुन्हा आयआर लावतो. ते टक-टक म्हणजे आतली आयआर फिल्टरची काच सरकल्याचा आवाज.

हे झालं शुद्ध तांब्याचं. बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, सीसीए म्हणतात ते. त्याचा रोध दीडपटीच्या आसपास, म्हणजे तुमच्या अंतराला १५ ओहम.

रात्रीची वाट बघायला नको, दिवसाच तपासा. गेटच्या कॅमेऱ्याची डीसी पिन हिरव्या स्क्रूवाल्या कनेक्टरची असेल तर कॅमेरा जोडलेला ठेवूनच दोन स्क्रूंवर मल्टीमीटर टेकवा. पिन काढून मोजलंत तर करंटच वाहत नाही, मग तिथेही १२ दिसतील आणि फसाल. आकडा लिहून घ्या. मग कॅमेऱ्याच्या तोंडावर काळं फडकं दुहेरी करून घट्ट धरा, आयआर लागेल, पुन्हा आकडा बघा. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी पेटीतला आकडा बघायला सांगा. पेटीत १२ आणि गेटवर ८ असेल तर दोष तारेत. पेटीतच १२ चे १० होत असतील तर एसएमपीएस गेलेला आहे, आतले कपॅसिटर फुगलेले निघतात.

शिवाय केबलचं टोक चाकूने खरवडा. आत लालसर राहिलं तर तांबं, पांढरं चमकलं तर सीसीए.

---

खाडीकाठ

तारजोड यांचा हिशेब बरोबर, पण तो कोरड्या जोडांचा. आपल्याकडे खारा वारा तारेपेक्षा जोड आधी खातो. मोजायच्या आधी गेटची डीसी पिन उपसून बघा. पिनेवर हिरवी पूड किंवा पांढरी भुकटी दिसली तर तो जोड एकटाच एखादा ओहम खाऊ शकतो. कॅमेरा चालू असताना कनेक्टर हाताला कोमट लागला तर तीच खूण.

साफ करून परत खुपसण्यात अर्थ नाही, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पिन कापून टाका. मागची तार सोला आणि तांबं काळं दिसेल तितकं कापत चला, चकचकीत दिसेपर्यंत. पाणी तारेच्या वेटोळ्यातून आत चढतं, कधी फूटभर आतपर्यंत काळं निघतं. मग नवी पिन, शक्य असेल तर डाग देऊन, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. बीएनसीच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. काळी इन्सुलेशन टेप एकटी लावू नका. पावसाळ्यात तिचा डिंक सुटतो आणि आत पाणी साठवून ठेवते, उघड्या जोडापेक्षा वाईट.

जोड भिंतीवर लोंबकळत न ठेवता आयपी ६५ च्या (धूळ-पाणी आत न घेणाऱ्या) डब्यात, आणि केबल डब्यात खालून, ग्लँडमधून घ्या. वरून घेतली तर पागोळीचं पाणी तारेवरून थेट डब्यात. केबलला डब्याच्या खाली वीतभर झोल ठेवा, पाणी तिथून गळून जाईल. डबा कॅमेऱ्याच्या पाठीमागेच बसवला तर दोन्ही पिना त्यातच मावतात.

---

माडाखाली

एवढा खटाटोप कशाला? आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे आणि पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा) स्विच घ्या. ४८ व्होल्टवर तोच कॅमेरा ०.१ अँपिअर घेतो, १०० मीटरपर्यंत बिनधास्त.

---

तारजोड

पीओई चांगलंच, नवीन घर असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण यांचे तीन कॅमेरे आणि डीव्हीआर धड आहेत, एका तारेसाठी सगळं मोडीत कशाला काढायचं? आणि कॅट सिक्स नेटवर्क केबलच्या नावाखालीही सीसीए विकली जाते, मग तिथेही हीच रडकथा. त्या केबलच्या आरजे ४५ पिना खाऱ्या हवेत डीसी पिनेइतक्याच लवकर खराब होतात, बाहेर लावायच्या तर जलरोधक टोपी हवीच.

---

अर्थिंगवाला

दुसरी आणि तिसरी तक्रार वेगळी आहे, तिचा गेटच्या तारेशी संबंध नाही.

पंप: एका फेजचा १ एचपी पंप चालताना ६-७ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, क्षणभरच. लाईनच्या शेवटच्या टोकाला संध्याकाळी आधीच १९० व्होल्ट असतील तर त्या क्षणी १६० च्या खाली जातात. अडॅप्टर म्हातारा असेल तर तेवढ्यात मान टाकतो. डीव्हीआरच्या सॉकेटवर मल्टीमीटर एसीला ठेवून दुसऱ्याला पंप लावायला सांगा. आकडा क्षणभरच पडतो, मीटरला ‘मिन’ बटण असेल तर ते वापरा.

अडॅप्टरवर ‘इनपुट १००-२४०’ लिहिलेलं आहे का बघा. काही स्वस्त अडॅप्टरवर आणि एसएमपीएसवर १८० ते २६४ असतं, ते आपल्या गावांत संध्याकाळी कायम कडेलोटावर. शिवाय ३.५ इंची हार्डडिस्क फिरायला लागताना एकटीच दीड-दोन अँपिअर ओढते, आणि तुमचा अडॅप्टर २ चाच. डीव्हीआर उघडून डिस्कची पॉवरची वायर काढा (आधी प्लग काढून), मग चार-पाच वेळा पंप लावून बघा. डिस्कशिवाय रीस्टार्ट होत नसेल तर १२ व्होल्ट ३ किंवा ५ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या. अँपिअर जास्त चालतात, व्होल्ट नाही.

स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही, त्याचा रिले हलेपर्यंत डीव्हीआर बंद पडलेला असतो. ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावा आणि त्यावर डीव्हीआर, एसएमपीएस आणि राउटर तिन्ही. चार कॅमेरे रात्रीचे २० वॅट, डीव्हीआर डिस्कसह १५, राउटर १०, मिळून ४५. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास, हाती लागतात पन्नासेक. म्हणजे तासभर. पावसाळ्यात दिवसदिवस वीज जाते तिथे हे पुरत नाही. घरात १५० एएचचा इन्व्हर्टर असेल तर यूपीएसला इन्व्हर्टरच्या लाईनवर टाका, मात्र इन्व्हर्टर साइनवेव्ह हवा.

झिणझिण्या: एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट गाळायला. अर्थिंग जोडलेलं नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि तिच्यावर ११५ च्या आसपास व्होल्ट बसतात. करंट नगण्य असतो, जीव जात नाही. पण ओल्या शिडीवर उभं राहून लोखंडी खांबावरच्या कॅमेऱ्याला हात लावलात तर दचकून खाली पडाल. एसएमपीएसच्या पट्टीवर अर्थच्या खुणेचा स्क्रू असतो, बसवणारे तो हमखास मोकळा सोडतात. त्याला हिरवी तार लावा. तरीही झिणझिण्या राहिल्या तर घराचं अर्थिंगच नावाला आहे. कातळावर हे नेहमीचं. जांभ्यात सळई ठोकून ती कोरड्या दगडात उभी राहते, उन्हाळ्यात तिचा उपयोग शून्य. अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याकडे किंवा माडाच्या आळ्याजवळ, जिथे माती बारमाही ओली राहते तिथे घ्या, आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. साध्या मल्टीमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले म्हणून खूश होऊ नका, मीटर इतका कमी करंट ओढतो की मेलेलं अर्थिंगही त्यात जिवंत दिसतं.

एसएमपीएसची जाळी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट काही वेळ टिकतात.

---

कातळावरचा

मोजलं. गेटवर दिवसा १०.३. फडकं धरल्यावर ७.९ पर्यंत खाली गेला आणि कॅमेरा बंद. पेटीत तेव्हाही १२.०. खरवडल्यावर तार पांढरी निघाली. पिनेवर हिरवट थर होताच, नवी लावल्यावर ०.३ व्होल्ट सुधारले, तेवढंच. एसएमपीएसच्या अर्थच्या स्क्रूला खरंच काही नव्हतं.

एसएमपीएसवर एक छोटा पिवळा स्क्रू दिसतो, तो फिरवून व्होल्टेज वाढवलं तर काम होईल का? एक जण १५ करा म्हणाला.

---

तारजोड

१५ अजिबात नको. पडवीतल्या दोघांना जवळपास तेवढेच्या तेवढे मिळतील. १३ ते १३.२ वर थांबा, तेही कॅमेऱ्याच्या लेबलवरची मर्यादा बघून. तुमच्या १५ ओहमपुढे तो एक व्होल्ट काही टिकणार नाही, पण मांगरवाल्याला मदत होईल.

केबलमधली तिसरी बारीक तार ऑडिओसाठी असते. माइक नसेल तर ती दोन्ही टोकांना निगेटिव्हला समांतर जोडता येते, रोध पावपट कमी होतो. तात्पुरता जुगाड म्हणून ठीक, पावसाळा काढायला नाही.

कायमचे दोनच मार्ग. पहिला: पेटीपासून गेटपर्यंत १.५ चौरस मिमीची दोन कोअर तांब्याची केबल, ६० मीटर घ्या, पाच मीटर वळणांना आणि टोकांना. येऊन-जाऊन रोध दीड ओहमच्या आत, रात्रीचा ड्रॉप अर्धा-पाऊण व्होल्ट. व्हिडिओ जुन्याच केबलमधून राहू दे, त्यातली पॉवर दोन्ही टोकांना सोडवा आणि टेप करा. गडग्यावरून नुसती टाकू नका, पीव्हीसी पाइपमधून घ्या. उंदीर आणि कोयता दोन्ही तिथे फिरतात.

दुसरा: नवी तार ओढायची नसेल तर गेटपुरता २४ व्होल्टचा छोटा एसएमपीएस, जुन्याच तारेतून २४ पाठवायचे आणि गेटच्या डब्यात २४ चे १२ करणारा बक कन्व्हर्टर, २ अँपिअरचा. तारेतला करंट बराच कमी होतो. १५ ओहमवर साडेतीन-चार व्होल्ट पडले तरी कन्व्हर्टरला २० मिळतात, त्याला ते पुरून उरतात. कॅमेरा जोडायच्या आधी कन्व्हर्टरचं आउटपुट मीटरवर १२ आहे का बघा. स्क्रूवाला असेल तर कारखान्यातून कितीवर येईल सांगता येत नाही. स्वस्तात होतं, पण बाहेरच्या डब्यात आणखी एक सर्किट वाढतं, म्हणून मी तुमच्या जागी तांबंच ओढेन.

गेटवर २३० नेऊन तिथे अडॅप्टर लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आपल्याकडच्या पावसात ते ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) करायचं कामच नव्हे.

---

खाडीकाठ

एक राहिलं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसता प्लग काढून भागत नाही. गेटची ५५ मीटर तार उघड्यावर पडलेली असते, विजेचा झटका तिच्यातूनही डीव्हीआरपर्यंत येतो. गेटची बीएनसी आणि पॉवर दोन्ही पेटीपाशी सोडवता येतील अशी ठेवा, वर चिठ्ठी चिकटवा. सर्ज प्रोटेक्टर लावलात तरी त्याला अर्थिंग लागतंच, आधी तो खड्डा.

आणि एसएमपीएस पडवीत उघडा टांगला असेल तर डब्यात घाला. उबेला मुंग्या घर करतात, त्यांच्या मागे पाल येते, आणि पाल दोन टर्मिनलांवर एकदम पाय ठेवते. डब्याला खालच्या बाजूने हवेसाठी भोकं पाडा, आतून बारीक जाळी लावा.

---

कातळावरचा

१.५ ची ६० मीटर सांगितली. अडॅप्टरवर इनपुट २००-२४० लिहिलेलं निघालं, तो आजच बदलतो.