मदत हवी आहे: जि. प. शाळेची संध्याकाळची अभ्यासिका आणि वाचनालय, गावातल्या दुकानदारांकडे मदत नेमकी कशी मागावी?

जतची_शाळा
नमस्कार. जिल्हा परिषदेची शाळा, जत तालुका, पहिली ते आठवी, पट १२४. जूनपासून दोन गोष्टी सुरू करायच्या आहेत. एक, नवोदय प्रवेश आणि एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या २२ मुलांसाठी संध्याकाळी ६ ते ८ अभ्यासिका; त्या वेळेत लाइट जाते ही अडचण आहे. दोन, पहिली ते चौथीच्या मुलांना स्वतःच्या हाताने पुस्तक काढता येईल असं वाचनालय.

गावात कृषी सेवा केंद्र, दोन किराणा दुकानं, हार्डवेअर, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, दूध संकलन केंद्र, मेडिकल, सराफ आणि रस्त्याला पेट्रोल पंप आहे. तीन-चार जणांच्या बेदाणा शेड आहेत. "गुरुजी, काय लागेल ते सांगा" असं सगळे म्हणतात, पण नेमकं काय सांगावं इथेच गाडी अडते. प्रश्न असे:

१. रोख घ्यावी की वस्तू?
२. पैसे कोणत्या खात्यात आणि पावती कशी?
३. पंपमालक ३ किलोवॅटचं सोलर बसवून देतो म्हणतात. घ्यावं का?
४. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांचा निधी), ८०जी (देणगीवरची आयकर सवलत), विद्यांजली (शाळांना स्वयंसेवक आणि वस्तू मिळवून देणारं सरकारी पोर्टल) यांतलं आपल्या कामाचं काय?
५. दुकानाचा बोर्ड लावू द्यावा का?

निवृत्त_केंद्रप्रमुख
गुरुजी, "काय लागेल ते सांगा" याला एकच उत्तर असतं: किमतीसकट यादी. यादी नसेल तर प्रत्येक जण मनाला येईल ते देतो आणि शाळेत ११ भिंतीवरची घड्याळं नि ४ ध्वनिवर्धक जमतात. प्रत्येक वस्तूपुढे नग, माप, दर आणि कधीपर्यंत हवी ते लिहा. मोठी वस्तू हिश्शांत फोडा, म्हणजे १५ हजारांची बॅटरी ३ हजारांच्या ५ हिश्शांत. लहान दुकानदाराला ३ हजारांना हो म्हणणं सोपं जातं आणि त्याचं नाव मोठ्यांच्या रांगेत लागतं.

पण यादी बाहेर जाण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, शाळा विकास आराखडा तीच करते आणि कुठूनही आलेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणं हे तिचंच काम आहे. ठरावात वस्तूंची नावं, अंदाजे रक्कम आणि खरेदी पाहणाऱ्या तिघांची नावं येऊ द्या. त्यात एक तरी माता पालक असावी.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान ज्या खात्यातून खर्च होतं त्यात लोकवर्गणी अजिबात मिसळू नका, नाहीतर ताळमेळ कधीच लागत नाही. लोकसहभागाचं खातं वेगळं, सही अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांची. पावती पुस्तक छापील क्रमांकाचं, स्थळप्रत पुस्तकातच राहिली पाहिजे. वस्तू आली तरी पावती द्यायची, "वस्तुरूपाने" असं लिहून आणि किंमत टाकून. त्याच दिवशी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या डेडस्टॉक रजिस्टरला, नोंद करा आणि तो क्रमांक वस्तूवर ऑइलपेंटने टाका. बदली झाली की चार्ज देताना नेमकी इथेच ओढाताण होते.

अजून एक. शैक्षणिक उठाव, म्हणजे शाळेसाठी लोकांकडून मदत जमवणं, ही सक्ती नव्हे. कुठल्या पालकाने किती दिले याची यादी वर्गात वाचायची नाही, फळ्यावर लिहायची नाही. दात्यांची यादी ग्रामसभेत वाचा.

तारजोड_मिस्त्री
तिसऱ्या प्रश्नापुरतं. सोलर तूर्त घेऊ नका. आधी लोड मोजा.

४ एलईडी ट्यूब, प्रत्येकी २० वॅट: ८०. ३ पंखे, साधे असतील तर प्रत्येकी ७५ वॅट: २२५. दोन तासांचे झाले ६१० वॅट-तास. टीव्ही अर्धा तास लावला तर आणखी ५० धरा. म्हणजे दिवसाला पाऊण युनिटसुद्धा नाही, महिन्याच्या २५ दिवसांत १६-१७ युनिट. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, ३० वॅटचे घेतले तर १० युनिटवर येतं. १ किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला साधारण ४ युनिट देतं. ३ किलोवॅटची १२ युनिट खर्चणार कुठे?

शिवाय तुमची खरी अडचण ६ ते ८ मध्ये लाइट जाण्याची आहे. नेट मीटरवालं साधं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की स्वतःच बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. आणि संध्याकाळी ऊनही नसतं. त्यामुळे बॅटरी नसलेलं सोलर अभ्यासिकेला शून्य कामाचं.

तुम्हाला हवा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० अँपियर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, पण निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून हातात ८०० धरा. बीएलडीसी पंख्यांवर साडेचार तास चालेल, साध्या पंख्यांवर अडीच.

आता शाळांमध्ये इन्व्हर्टर का मरतो ते सांगतो. शेवटी जाणारा माणूस सुरक्षेसाठी मेन स्विच पाडतो. त्यामागे इन्व्हर्टरचंही चार्जिंग बंद होतं, बॅटरी रोज अर्धवट राहते आणि वर्षभरात बसते. उपाय: मीटरपासून इन्व्हर्टरला वेगळा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा छोटा स्विच) घ्या, मेन स्विचच्या आधी, आणि त्यावर लाल रंगात "हा बंद करू नये" लिहा. मे महिन्याच्या सुट्टीतही तो चालूच राहिला पाहिजे. डिस्टिल्ड वॉटर दर तीन महिन्यांनी बघायचं, नळाचं पाणी कधीच घालायचं नाही. बॅटरी वर्गात ठेवू नका, चार्ज होताना वायू सुटतो. हवा खेळती असलेल्या खोलीत, ट्रॉलीवर ठेवा. अर्थिंग तपासल्याशिवाय यातलं काहीही जोडू नका.

बिलावर दर कुठला लागलाय तेही बघा. शासकीय शाळेला एलटी ७ (अ), सार्वजनिक सेवा, हा वर्ग असतो. व्यापारी दर लागला असेल तर उपविभागात अर्ज द्या.

पेठेतलं_हार्डवेअर
दुकानदाराच्या बाजूने लिहितो. कोणाकडे काय आणि कधी मागायचं, यावर निम्मं काम ठरतं.

तुमच्याकडे द्राक्षाचा पट्टा. ऑक्टोबर छाटणीत कृषी सेवा केंद्राचा सगळा पैसा औषधा-खताच्या उधारीत गेलेला असतो. त्या वेळी तोंडावर हो म्हणेल, पण देणार कुठून? वसुली होते माल विकल्यावर. त्यामुळे कृषी सेवा केंद्र आणि बेदाणा शेडवाल्यांकडे एप्रिल-मेमध्ये जा. दूध संकलन केंद्राचं बिल दर दहा दिवसांनी होतं, तिथे "दर महिन्याला ५०० रुपये" असा लहान पण कायमचा हिस्सा मागा. वीजबिल आणि बॅटरीची पुढची खरेदी त्यातूनच निघेल. बॅटरी पाच वर्षं चालली तर १५ हजार भागिले ६० महिने, म्हणजे महिन्याला २५० बाजूला पडलेच पाहिजेत. वस्तू द्यायला दहा जण पुढे येतात, ती चालू ठेवायला कोणी येत नाही, म्हणून हा महिन्याचा हिस्सा सगळ्यात आधी पक्का करा.

वर्कशॉपवाल्याकडे पैसे मागू नका, मजुरी मागा. लोखंड दुसऱ्याने द्यायचं, कापणं-वेल्डिंग त्याचं.

फुकट वस्तूबद्दल एक बारकावा: जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाने दुकानातला माल दान दिला तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावं लागतं. त्यामुळे काही जण माल द्यायला कां-कू करतात, त्याला कंजूषपणा समजू नका. त्यांना सोपा रस्ता असा: शाळेच्या नावाने खरेदीभावात रीतसर बिल फाडायचं, आणि ते बिल भागेल एवढी देणगी त्यांनी स्वतःच्या खिशातून लोकसहभागाच्या खात्यात चेकने द्यायची. दोन्हीकडे कागद सरळ राहतो.

हिशेब_तपासनीस
चौथा प्रश्न. सीएसआर कायद्याने लागू होतो तो निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी असलेल्या कंपन्यांना. गावातल्या दुकानांचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा त्यांच्याकडे जाताना तो शब्द काढू नका. जवळपास अशी कंपनी असेल तर ती स्वतः वस्तू विकत घेऊन शाळेला देऊ शकते. मधली संस्था असेल तर तिची सीएसआर-१ नोंदणी लागते.

समितीच्या पावतीवर "करसवलत मिळेल" असं कधीही छापू नका. ८०जीची वजावट मान्यता असलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला, आणि २ हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. ज्याला सवलत हवीच आहे त्याने नोंदणीकृत न्यासामार्फत द्यावं.

विद्यांजलीवर शाळेची नोंदणी मात्र करा. शाळेचा ११ अंकी यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक लागतो. वस्तूंइतकाच तिचा उपयोग माणसं मिळवायला होतो: निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गणित शिकवू शकणारे अभियंते. पोर्टलवर मागणी टाकताना "स्वयंसेवक हवेत" एवढंच लिहिलं तर कोणी येत नाही. "आठवी, एनएमएमएस बौद्धिक क्षमता चाचणी, मंगळवार-गुरुवार, ६ ते ७" असं लिहा.

२०२३ ची दत्तक शाळा योजना तुमच्यासाठी नाही. ग्रामीण भागात शाळा दत्तक घेणाऱ्याने ५ वर्षांना ५० लाख, १० वर्षांना १ कोटी द्यायचे असा तिथे हिशेब आहे.

माता_पालक_सांगली
अभ्यासिका रात्री ८ ला सुटते, हे कोणी धरलेलं दिसत नाही. वस्त्यांवरच्या मुली कशा जाणार? वाड्या-वस्त्यांप्रमाणे गट पाडा आणि प्रत्येक गटामागे रोजचा एक पालक ठरवा, नाव आणि वार लिहून भिंतीवर लावा. शाळेत त्या वेळी दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत, त्यात एक बाई. स्वयंसेवक कितीही ओळखीचा असो, मुलांबरोबर एकटा बसणार नाही, हे ठरावात लिहून टाका.

आणि ६ वाजता मुलं भुकेली असतात. २२ मुलांना रोज २५ ग्रॅम भाजके शेंगदाणे आणि १५ ग्रॅम गूळ दिला तर २४ दिवसांना शेंगदाणे १३ किलो २०० ग्रॅम, गूळ ७ किलो ९२० ग्रॅम लागतो. दोन किराणा दुकानांनी एकेक महिना वाटून घ्यावा. महिन्याचे दाणे एकदम आणू नका, पावसाळ्यात दमट होतात, बुरशी धरतात. पंधरा-पंधरा दिवसांचे आणा, पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवा, कडवट किंवा काळपट दाणा दिसला की तो लॉट टाकायचा. शेंगदाणा कोणाला सोसत नाही का, हे पालकांना आधी विचारा. बेदाणा शेडवाल्यांकडून बेदाणे जरूर घ्या, पण धुऊन वाळवून, नेहमी विकतात तोच माल.

बिस्किटं-वेफर्सचे पुडे देतो म्हणणाऱ्याला प्रेमाने नाही म्हणा.

निवृत्त_केंद्रप्रमुख
पाचव्या प्रश्नाचं राहिलं होतं. वर्गाच्या भिंतीवर दुकानाची जाहिरात नको. प्रवेशद्वाराजवळ एकच दातृत्व फलक, सगळी नावं एकाच मापाच्या अक्षरात, रक्कम न लिहिता. ३ हजार देणारा आणि ३० हजार देणारा एकाच ओळीत आला की पुढच्या वर्षी दोघेही येतात. तंबाखू-गुटखा विकणाऱ्याचं नाव त्या मालासकट कुठेही येता कामा नये. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूची विक्रीच बंद आहे.

जतची_शाळा
सगळ्यांचे मनापासून आभार. सोलरऐवजी इन्व्हर्टर-बॅटरी पंपमालकांना सुचवतो. मागणीपत्राचा मसुदा खाली देतो, चूक असेल तर सांगा:

"सप्रेम नमस्कार. शाळेच्या अभ्यासिकेसाठी १५० अँपियर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी, १ नग, हवी आहे. समितीच्या ठरावाची प्रत व तीन दरपत्रके सोबत जोडली आहेत. आपण ही वस्तू पूर्ण द्यावी किंवा पाचपैकी एक हिस्सा उचलावा. वस्तू १० जूनपर्यंत लागेल. पावती मिळेल. वस्तू कशी वापरात आहे ते पाहण्यासाठी आपण कोणत्याही संध्याकाळी यावे."

आणि पुस्तकांच्या रॅकचं माप कोणी सांगेल का? वर्कशॉपवाले मजुरी घेणार नाहीत, पण लोखंड किती आणायचं विचारताहेत.

पेठेतलं_हार्डवेअर
पत्र चांगलं आहे. हमी कोणाच्या नावावर, तेवढं वाढवा: बिल आणि वॉरंटी कार्ड "मुख्याध्यापक" या पदाच्या नावाने, व्यक्तीच्या नाही.

रॅक ४ फूट उंच, ५ फूट रुंद, १ फूट खोल, चार कप्पे. चौथीच्या मुलाचा हात वरच्या कप्प्यापर्यंत पोचतो. २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा अँगल: चार खांबांना १६ फूट, चार कप्प्यांना ४८, एकूण ६४. अँगल २० फुटी येतो, ४ नग आणा, उरलेल्यात तिरपे आधार निघतील. १२ मिलिमीटरचा प्लाय ८ बाय ४ चा एक पुरतो. खालचा कप्पा जमिनीपासून ६ इंच वर घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वाळवी लागते. वेल्डिंगवर रेड ऑक्साइडचा हात मारून मगच रंग, आणि कोपरे ग्राइंडरने गोल करून घ्या.

वरच्या दोन्ही टोकांना पट्टी वेल्ड करून रॅक भिंतीला १० मिलिमीटरच्या अँकर बोल्टने जखडा. लहान मुलं खालच्या कप्प्यावर पाय देऊन चढतात, मोकळा रॅक अंगावर येतो. बोल्ट आवळल्याशिवाय एकही पुस्तक लावू नका.