६०० मीटर पळवून मुलांचा स्टॅमिना कळत नाही!

चिमणबागचा पीटीवाला:
काल इथे एकाने लिहिलं की बीप टेस्ट (बीपच्या तालावर दोन रेघांमध्ये ये-जा पळायची ती) हे परदेशी फॅड आहे, सरकारच्या खेलो इंडियाची ६०० मीटर दौड आहे ना शाळेत, तेवढ्यात पोरांचा स्टॅमिना कळतो. अहो नाही कळत! १३-१४ वर्षांचं पोरगं अडीच-तीन मिनिटांत ६०० मीटर संपवतं, चपळ असलं तर त्याहूनही लवकर, आणि एवढ्याशा वेळात स्प्रिंटवाला नुसत्या जोरावर पुढे निघून जातो. दमाचा पोरगा मागे राहतो आणि आपण त्याला कच्चा म्हणतो. माँट्रियलच्या लुक लेजे या संशोधकाने १९८० च्या दशकात २० मीटर शटल, म्हणजे हीच बीप टेस्ट, बसवली ती काय उगीच? ताशी ८.५ किमीने सुरुवात, दर मिनिटाला अर्धा किमी वाढ, बीपच्या आत रेघ गाठायची, नाही जमलं की बाहेर. वेग बीप ठरवते, म्हणून पोरं सुरुवातीलाच सुसाट सुटून धापा टाकत नाहीत.

सुदामानगरची आई:
सर, तुमची बीप टेस्ट माझ्या मुलीने दिलीय. आठवीत आहे. सगळ्यात आधी बाहेर पडली आणि बाकीचे पळत होते तोवर सगळ्यांसमोर पायरीवर बसून राहिली, त्यात मुलं हसत होती. तेव्हापासून पीटी म्हटलं की तिचं पोट दुखतं. स्टॅमिना मोजलात, पुढे काय केलंत? ६०० मीटरमध्ये निदान सगळ्याजणी शेवटपर्यंत जातात, चालत का होईना.

नेहरू स्टेडियम पहाटे ५:
दोघंही सोडा यार. कूपर टेस्ट घ्या, १२ मिनिटं, किती अंतर झालं ते लिहा, संपलं. केनेथ कूपरने १९६८ मध्ये अमेरिकन एअरफोर्ससाठी आणली, अजून चालतेय. मी स्वतः तीच बघून सुधारलो.

चिमणबागचा पीटीवाला:
भिया, एअरफोर्सचे जवान आणि नववी ब चा वर्ग एक आहे का? पोरं पहिला राउंड जीव खाऊन मारतात आणि मग कमरेवर हात ठेवून चालतात. त्यातून दम नाही, अंदाज चुकलेला कळतो.

गणिताच्या बाई, रामबाग:
कुठली टेस्ट घ्यायची ते नंतर, पण पीटीचा पिरीयड असतो कुठे?

चिमणबागचा पीटीवाला:
बाई, तुम्ही विचारताय? दिवाळी झाली की दहावीचा पीटी पिरीयड कोण घेतं? गणित! वर्षभर पळवायचं नाही आणि मग एक दिवस उन्हात शिट्टी मारून आकडा खेलो इंडियाच्या पोर्टलवर भरायचा.

गणिताच्या बाई, रामबाग:
पोर्शन उरतो तेव्हा आईबाप माझ्याकडेच येतात, तुमच्याकडे कोणी येत नाही. दोन वाजता शाळा सुटली की पोरं थेट कोचिंगला, रात्री आठला घरी. त्यात माझा काय दोष?

सुदामानगरची आई:
आणि मैदानाचं काय? आमच्या शाळेच्या अर्ध्या मैदानात बसेस उभ्या असतात. मुलींना पीटीलाही सलवार-ओढणी, पाळीत कोणाला सांगायचं तर सर पुरुष. आमच्या वेळी हेच होतं, मी दहावीनंतर कधी पळलेच नाही, आता जिना चढताना दम लागतो. मुलीचं तसं व्हायला नकोय मला, म्हणून बोलतेय.

नेहरू स्टेडियम पहाटे ५:
प्रत्येक गोष्टीत बहाणे! आम्ही अनवाणी पळायचो.

सुदामानगरची आई:
तुम्ही मुलगा होतात. विषय संपला.

डॉक्टर, पलासिया:
संपला नाही. वयात येताना मुलांचे स्नायू वाढतात, मुलींच्या अंगात चरबीचं प्रमाण वाढतं. शटलमध्ये आपलंच वजन वळवून पळवायचं असतं, त्यामुळे हृदय-फुप्फुस अगदी ठीक असलेली मुलगीही लवकर बाहेर पडते. मुलामुलींना एकाच रांगेत तोलणं चूकच आहे. पण ६०० मीटरमध्येही तेच वजन घेऊन पळावं लागतं, तेव्हा ताई, ती दौड दयाळू आहे असं समजू नका.

चिमणबागचा पीटीवाला:
ठीक आहे, मुलींची वेगळी घेऊ, बाई शिक्षिका उभ्या राहतील, निकाल वर्गात वाचायचा नाही. एवढं मानतो. पण टेस्टच नको हे मी मानणार नाही. जुलैत एक आणि जानेवारीत एक, मुलीचा आकडा तिच्याच जुन्या आकड्याशी लावायचा.

सुदामानगरची आई:
आणि मधल्या महिन्यांत पळवणार असाल तरच. आधी बसेस हलवा आणि ट्रॅकपँट घालू द्या, मग पाठवते. तोवर माझी चिठ्ठी येत राहील.

गणिताच्या बाई, रामबाग:
शुक्रवारचा पिरीयड सोडते. फक्त शुक्रवारचा. आणि प्री-बोर्डच्या आधी मागू नका.