आईबाबांना बहिणीच्या बाळंतपणासाठी म्युनिकला पाठवायचे आहे: कोणता व्हिसा, किती दिवसांचा, अर्ज कोठे?

मलप्रभाकाठ (खानापूर)
नमस्कार. माझी धाकटी बहीण लग्नानंतर म्युनिकला असते आणि तिला डॉक्टरांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील तारीख दिली आहे. पहिलेच बाळंतपण असल्याने आईबाबांनी डिसेंबरच्या सुरुवातीस यावे आणि मार्चअखेरपर्यंत राहावे, अशी तिची फार इच्छा आहे. आईचे वय 61 आणि बाबांचे 66 आहे. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना निवृत्तिवेतन मिळते, दीड एकर भातशेती आणि थोडी काजूची झाडे आहेत. दोघांचेही पासपोर्ट तयार आहेत, परंतु त्यांवर आजवर एकही शिक्का पडलेला नाही.

चार महिन्यांसाठी कोणता व्हिसा घ्यावा, अर्ज पुण्यात द्यावा की बेंगळूरला, आणि एजंट करणे आवश्यक आहे का, हे मला विचारायचे आहे. विमानाची तिकिटे जावई काढणार आहेत. बाकी सर्व खर्चासाठी, बेंगळूर किंवा पुण्याच्या फेऱ्या धरून, माझ्याकडे 40,000 रुपये आहेत आणि त्यापुढे जाणे मला खरोखरच शक्य नाही.

टिळकवाडीकर
ताई, मी 2019 मध्ये कुटुंबातील चौघांना घेऊन सात देश केले आणि सर्व काम एजंटकडे सोपवले होते. एकही कागद मला स्वतः भरावा लागला नाही. खर्च माणशी अडीच लाखांच्या घरात गेला, पण मनाला शांतता होती. वडीलधाऱ्यांना एवढ्या लांब पाठवताच आहात, तर त्यांना स्वित्झर्लंडही दाखवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. म्युनिकहून ते फार लांब नाही आणि व्हिसाही तोच चालतो.

शहापूर_पेठ
टिळकवाडीकरांनी सांगितलेली सहल चांगलीच असेल, परंतु ताईंचा प्रश्न सहलीचा नाही. मूळ अडचण चार महिने या शब्दांत आहे. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातील बहुतेक देशांत चालणारा अल्प मुदतीचा एकच व्हिसा) कोणत्याही 180 दिवसांच्या काळात जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, आणि त्यात उतरल्याचा व परतीचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. आईबाबा 6 डिसेंबरला उतरले, तर डिसेंबरचे 26, जानेवारीचे 31 आणि फेब्रुवारीचे 28 असे 85 दिवस होतात, म्हणजे 5 मार्च हा नव्वदावा दिवस ठरतो. मार्चअखेर या हिशेबात बसत नाही.

अनगोळ_७७
माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तेथे गेल्यावर मुदत वाढवून घेतली होती. आधी जावे, पुढचे पुढे पाहता येते.

नेकारकाठ (मूळ गाव कडोली, सध्या श्टुटगार्ट)
वरील सल्ला कृपया मानू नये. शेंगेन व्हिसाची मुदत गंभीर आजार किंवा तशाच अपरिहार्य कारणानेच वाढवून मिळते. नातवंड झाले आणि आजीला राहावेसे वाटते, हे कारण त्यात बसत नाही. शिवाय 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर संगणकीय नोंदणी सुरू झाली आहे. चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते आणि मुक्कामाचे दिवस यंत्रणा स्वतः मोजते. एक दिवस जास्त झाला तरी त्याची नोंद राहते आणि पुढच्या अर्जाच्या वेळी ती समोर येऊ शकते.

नव्वद दिवसांहून अधिक काळासाठी डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा असतो. तो शिक्षण, नोकरी किंवा कुटुंबासह वास्तव्य यांसाठी आहे, बाळंतपणाला येऊन परत जाणाऱ्या आजीसाठी नव्हे. तुम्हाला हवा तो सी प्रकारचा, अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, आणि अर्जातील हेतूच्या रकान्यात ‘कुटुंबीयांची भेट’ असेच लिहावे. बाळंतपणाचा उल्लेख केला तर व्हिसा नाकारतात, म्हणून ‘पर्यटन’ लिहा, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मुलीच्या पत्त्यावर तीन महिने राहणारी आई पर्यटक म्हणून अर्ज करते, तेव्हा कागद आणि कारण एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नकाराला तेवढे पुरते.

आणखी एक महत्त्वाचा कागद आहे. बहीण किंवा जावई यांनी त्यांच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन औपचारिक हमीपत्र करून घ्यावे. त्याचे शुल्क 29 युरो आहे. त्यात पाहुण्याच्या राहण्याखाण्याचा आणि आजारपणाचा खर्च यजमानाने कायद्याने स्वीकारलेला असतो. ते मूळ स्वरूपातच लागते, छायाप्रत चालत नाही, म्हणून ते कुरिअरने बेळगावला मागवून घ्यावे. हा कागद असला की आईच्या बचत खात्यात किती रुपये आहेत, हा प्रश्न बराच मागे पडतो.

वडगाव_माग
बचत खात्याचा विषय निघाला आहे म्हणून माझा अनुभव लिहितो. आमचा साड्यांचा व्यवसाय आहे आणि मी युरोपातील एका देशासाठी अर्ज केला होता. एकाने सांगितले की खाते भरलेले दिसले पाहिजे, म्हणून अर्जाच्या आठ दिवस आधी मी मेहुण्याकडून चार लाख रुपये घेऊन खात्यात भरले. व्हिसा नाकारला गेला. खात्याच्या उताऱ्यात सहा महिने वीस-तीस हजारांची ये-जा आणि शेवटच्या पानावर एकदम चार लाख, हे कोणाच्याही डोळ्यात भरेल असेच होते. शुल्कही परत मिळाले नाही. असलेले पैसे कमी असले तरी खरे दाखवावेत, एवढेच माझे सांगणे आहे.

टिळकवाडीकर
म्हणूनच मी एजंट करा असे म्हटले. अशा चुका एजंट होऊ देत नाही.

वडगाव_माग
टिळकवाडीकर, चार लाख भरण्याची युक्ती मला एजंटनेच सांगितली होती.

पीबी_रोड (सध्या पुणे)
अर्ज कोठे द्यावा याबद्दल: पुणे बेळगावपासून साधारण 340 किलोमीटर आहे, बेंगळूर पाचशेच्या पुढे आहे, आणि पुण्यात भाषेचीही अडचण नाही. मी तरी पुण्याचाच आग्रह धरीन. माझ्याकडे मुक्कामही होऊ शकेल.

कॅम्प_बेळगाव
पीबी_रोड यांचा आपलेपणा समजतो, परंतु येथे अंतरापेक्षा राज्य महत्त्वाचे ठरू शकते. आपण बोलतो मराठी, बाजारहाट कोल्हापूरला करतो, पण पासपोर्टवरील पत्ता कर्नाटकाचा असतो, आणि जर्मनीच्या बेंगळूर येथील वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत कर्नाटक व केरळ ही राज्ये येतात. दुसऱ्या एका देशाच्या अर्जासाठी मी पत्ता न तपासता पुण्याची वेळ घेतली होती आणि मला खिडकीवरून परत पाठवण्यात आले. रात्रभर बसने गेलो आणि रात्रभर बसने आलो. दुसऱ्या राज्यातील अर्ज स्वीकारायचा की नाही, याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात, म्हणून वेळ ठरवण्यापूर्वी त्या देशाच्या संकेतस्थळावर तेवढा एक परिच्छेद वाचावाच.

बेंगळूरला जाणे पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रीची आहे, आणि 10 ऑगस्ट 2025 पासून बेळगावहून वंदे भारतही सुरू झाली आहे.

हिंडलगा_वाचक
पासपोर्टवर जन्मस्थान बेलगाम असेल आणि आधार कार्डावर बेळगावी असेल, तर काय करावे? माझ्या वडिलांच्या कागदांत तीन कागदांवर तीन रूपे आहेत.

कॅम्प_बेळगाव
शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 रोजी बदलले, त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदांवर जुने नाव असणारच. अर्जात पासपोर्टवर जसे आहे तसेच अक्षरशः लिहावे. नावाबद्दल आपणा सर्वांच्या भावना तीव्र आहेत, माझ्याही आहेत, पण व्हिसाच्या अर्जात त्या मांडता येत नाहीत.

खरी काळजी माणसाच्या नावाची घ्यावी लागते. आमच्या आईचे नाव सुमन. पासपोर्टवर ते बरोबर आले, परंतु कन्नड लिपीत भरलेल्या नोंदीवरून आधार कार्डावर ते ‘सुमना’ झाले, कारण कन्नडमध्ये शेवटचे अक्षर आपल्यासारखे हलके उच्चारत नाहीत. शिधापत्रिकेवर तर वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचे नाव होते. आम्ही आधार दुरुस्त करून घेतले आणि मगच अर्ज केला. त्यात पाच आठवडे गेले.

मलप्रभाकाठ (खानापूर)
हे वाचून मी लगेच कपाटातील पिशवी काढून पाहिली. आईचे नाव सर्वत्र एकच आहे, परंतु शेताचा उतारा आणि बाबांच्या निवृत्तिवेतनाचा आदेश दोन्ही कन्नडमध्ये आहेत. ते तसेच चालतील का?

नेकारकाठ (मूळ गाव कडोली, सध्या श्टुटगार्ट)
इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर जोडावे आणि मूळ प्रतही सोबत ठेवावी. सर्व कागदांचे भाषांतर करत बसू नये. उतारा आणि निवृत्तिवेतन, हे दोन पुरेसे आहेत. गावी परतण्यासारखे काय आहे, हे त्यांतून दिसते, आणि तेच अधिकाऱ्याला पाहायचे असते.

निपाणीचा_दादा
एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही, ती व्हिसा केंद्रात अर्ज देताना घेतल्या जाणाऱ्या बोटांच्या ठशांची आहे. माझ्या आईने तीस वर्षे विड्या वळल्या. तंबाखू आणि पानाने तिच्या अंगठ्यांच्या व तर्जनींच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की बोट काचेवर ठेवले की पडद्यावर नुसता राखाडी डाग येई. तेथील मुलीने काच पुसली, आईचे बोट ओल्या कापडाने पुसले, स्वतःच्या हाताने दाबून धरले, आणि सातव्या वेळी ठसा उमटला. मागे रांग थांबली होती आणि आई माझ्याकडे पाहत होती, जणू तिचेच काही चुकले आहे. ताई, तुमच्या घरी काजू आहेत असे लिहिले आहे. काजूच्या चिकाने बोटांची साल निघते. आईला निदान तीन आठवडे आधीपासून काजूला हात लावू देऊ नका आणि रात्री खोबरेल तेल लावायला सांगा. एकदा ठसे उमटले की 59 महिने तेच पुढच्या शेंगेन अर्जाला वापरता येतात.

सदलगा_प्रवासी
विमा घ्यायला विसरू नये. किमान 30,000 युरोचा लागतो.

शहापूर_पेठ
विम्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 30,000 युरोचे संरक्षण संपूर्ण मुक्कामासाठी आणि सर्व शेंगेन देशांसाठी हवे, आणि त्यात रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्चही हवा. साठी उलटलेल्यांचा हप्ता चांगलाच वाढतो, म्हणून तुमच्या 40,000 रुपयांत सर्वांत मोठा वाटा विम्याचा आणि शुल्काचा असेल. व्हिसा शुल्क 11 जून 2024 पासून माणशी 90 युरो आहे, म्हणजे दोघांचे 180, आणि अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. त्यात दोघांचा नव्वद दिवसांचा विमा, भाषांतर आणि प्रवास घातला, तर मला हे अंदाजपत्रक पुरेल असे वाटत नाही. रक्तदाब किंवा साखर आधीपासून असेल, तर बहुतेक विमे त्याचा नेहमीचा खर्च देत नाहीत. औषधे तीन महिन्यांची आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह सोबत द्यावीत.

टिळकवाडीकर
थोडे पैसे उसने घ्यावेत, पण दोघांनाही पाठवावे. असे प्रसंग पुन्हा येत नाहीत.

गडहिंग्लज_सून
आमच्याकडे दोन्ही घरांनी पाळी लावली होती. पहिले तीन महिने माझी आई आली, ती परतण्याच्या चार दिवस आधी सासूबाई आल्या. दोघींचे नव्वद दिवस वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे मला जवळजवळ सहा महिने घरचे माणूस मिळाले, आणि एकाच वेळी दोघांच्या विम्याचे ओझेही पडले नाही.

अनगोळ_७७
वयस्क बाईमाणसाला एकटीला पाठवणे मला तरी पटत नाही. जोडप्याने जावे.

पीबी_रोड (सध्या पुणे)
मलाही तसेच वाटते. भाषा येत नसताना एकटीने विमानतळ कसा पार करणार? दोघेच जावेत, आणि अर्ज पुण्यात द्यावा.

मलप्रभाकाठ (खानापूर)
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीशी आणि तिच्या सासूबाईंशी फोनवर बोलून आम्ही निर्णय घेतला आहे. बहुतेकांच्या मताविरुद्ध तो आहे, म्हणून कारणे लिहिते.

आई एकटी जाईल, 6 डिसेंबर ते 1 मार्च, म्हणजे 86 दिवस. विमानाला उशीर झाला तरी हाताशी चार दिवस राहतात. सासूबाई 25 फेब्रुवारीला पोहोचतील आणि त्यांचा अर्ज त्या स्वतंत्रपणे करतील. बाबा येथेच राहतील. डिसेंबरात मळणी असते, मार्चमध्ये काजू सुरू होतात, आणि गोठ्यातील म्हैस सोपवावी असे घरी दुसरे कोणी नाही. एका माणसाचे शुल्क, विमा आणि भाषांतर माझ्या 40,000 रुपयांत बसते. दोघांचे बसत नाही, आणि बहिणीच्या बाळासाठी कर्ज काढलेले बाबांना मुळीच आवडणार नाही. एजंट करणार नाही. अर्ज बेंगळूरला देणार आहोत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून गणपतीच्या आत वेळ मिळते का ते पाहत आहे.

टिळकवाडीकर
निर्णय तुमचा आहे, परंतु मी माझ्या आईला एकटीला पाठवले नसते.

नेकारकाठ (मूळ गाव कडोली, सध्या श्टुटगार्ट)
मला हा निर्णय योग्य वाटतो. पती आणि शेती गावी आहेत, ही गोष्ट आई परतणार हे दाखवण्यास फार उपयोगी पडते. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मदत मागून ठेवा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि खुर्ची ढकलणारा मदतनीस शेवटच्या दरवाजापर्यंत सोबत राहतो. अर्ज मात्र पहिल्याच वेळी नीट भरावा, कारण 1 जुलै 2025 पासून जर्मनीने नकारावर दूतावासाकडे आक्षेप घेण्याची सोय बंद केली आहे. नकार आला तर नवा अर्ज किंवा बर्लिनचे न्यायालय, एवढेच उरते. आणि व्हिसा हातात आला की त्यावरील वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस हे दोन वेगवेगळे आकडे नीट वाचावेत.

मलप्रभाकाठ (खानापूर)
लक्षात ठेवते. आईची पासपोर्टवरील सही मराठीत आहे, म्हणून ती कालपासून जुन्या वहीत तशीच सही गिरवत बसली आहे. काजूच्या पाट्या बाबांनी माळ्यावर ठेवल्या आहेत. मुलीकडे चालले आहे, 86 दिवस राहणार, परतीचे तिकीट 1 मार्चचे आहे, एवढे तीन वाक्यांचे कार्ड बाबा मराठीत आणि कन्नडमध्ये लिहीत आहेत. जर्मन ओळी बहीण उद्या पाठवणार आहे.