सतरा वर्षांची गरोदर मुलगी आई-वडिलांचं घर सोडून मावशीकडे राहू शकते का? लवकर सांगा

पूर्वभाग_मावशी
सोलापुरात राहते. बहिणीची मुलगी काल रात्री माझ्याकडे आली, परत जायचं नाही म्हणते. तिचे वडील सकाळपासून फोनवर शिव्या घालतायत, ‘मुलगी आणून सोड, नाहीतर पळवून नेल्याची केस टाकतो’. मुलगी गरोदर आहे. कायद्याने ती माझ्याकडे राहू शकते का, हो की नाही एवढंच सांगा. उपदेश नको.

चादरवाला
नवरा कुठाय तिचा? सासरचं भांडण असेल तर तिच्या वडिलांशी कशाला वैर घेता ओ?

पूर्वभाग_मावशी
लग्न झालेलं नाही. सतरा लिहिलंय की वर.

कोर्टकचेरी
हो-नाहीत बसणारं नाही हे. अठरा कधी पूर्ण होतायत? कितवा महिना? आणि घरातून निघाली का? मारहाण, कोंडून ठेवणं, आणखी काही?

बे_एरियातला_बार्शीकर
इथे कॅलिफोर्नियात चौदा वर्षांपासून मुलं कोर्टात अर्ज करून आई-वडिलांपासून कायदेशीर मोकळी होऊ शकतात. अर्थात स्वतःची कमाई दाखवावी लागते, नुसतं गरोदर असून भागत नाही. तुमच्या वकिलाला तसा अर्ज करायला सांगा.

कोर्टकचेरी
बार्शीकर, आपल्याकडे तशी सोय नाही. अठरापर्यंत ताबा पालकांचा. पण मुलगी आपणहून घराबाहेर पडली तर तो तिचा गुन्हाही नाही. मावशी, माझ्या प्रश्नांचं काय?

पूर्वभाग_मावशी
दोन महिन्यांनी अठरा. पाळी चुकून चार महिने झाले म्हणते, डॉक्टरला दाखवलेलं नाही. मारहाण नाही. पण रविवारी तिचं लग्न लावतायत. ज्याच्यापासून दिवस गेले तो नव्हे, दुसराच. मोहोळकडचा, पस्तिशीचा, ‘सगळं माहीत असून तयार आहे’ म्हणे. घरासमोर मांडव घालून उरकणार.

सात_रस्ता
अहो बाई, हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!

चादरवाला
माझं स्पष्ट मत, चांगलं स्थळ आहे तर लावून टाका. दोन महिन्यांनी काय फरक पडतो? आधारवर तारीख मागे घेतली की झालं. आमच्या गल्लीत झालंय असं.

कोर्टकचेरी
असले सल्ले देऊ नका. वयाचा वाद निघाला तर आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. त्या यादीत आधार नाहीच. आणि २००६ च्या बालविवाह कायद्यात नवऱ्या मुलाला आणि लग्न लावून देणाऱ्या वडिलांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड आहे. कोर्टाकडून मनाई आदेश मिळतो आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द. मावशी, लग्न गावात असेल तर ग्रामसेवकाला कळवा, तिथला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. आजच.

आता तुमचा मूळ प्रश्न. ती तुमच्याकडे ‘राहू शकते’ हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. मुलगी स्वतः समितीपुढे जाऊन ‘मला घरी धोका आहे’ सांगू शकते. चौकशी करून समिती तिला नातेवाईकाकडे ठेवू शकते, तुमच्याकडेही. वडिलांच्या धमकीवर उपायही हाच. मुलीला लपवून ठेवलं तर पळवून नेल्याचा आरोप चिकटायला वाव राहतो, समितीपुढे उभी केलीत तर त्यात दम राहत नाही. चोवीस तासांच्या आत न्या. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला तरी चालतो.

सात_रस्ता
समिती बालगृहात टाकते, अनुभवाने सांगतो. आमच्या नात्यातली एक तीन महिने तिथं होती. त्यापेक्षा दोन महिने गुपचूप काढा, अठरा झाले की कोण विचारतंय?

कोर्टकचेरी
बालगृहात पाठवू शकतात, नाकारत नाही. पण गुपचूप काढायचे कसे? पोटातलं बाळ थांबणार आहे का?

नर्स_ताई_सिव्हिल
मी तेच लिहायला आले. पाळी चुकून चार महिने म्हणजे, शेवटच्या पाळीपासून मोजलं तर, वीस-बावीस आठवडे. आणि पाळीवरचा हिशेब हमखास चुकतो, आधी सोनोग्राफी. तिला बाळ नको असेल तर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर लागतात, २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुली त्यात येतात. चोवीसच्या पुढे गेलं की हायकोर्ट. अठराखालच्या मुलीला पालकाची लेखी संमती लागते, पण गर्भपाताच्या कायद्यात पालक म्हणजे जिच्या सांभाळात मुलगी आहे ती व्यक्ती, आई-वडीलच पाहिजेत असं नाही. बाळ हवं असेल तरी तपासण्या आत्ताच सुरू करायला हव्यात. तिला विचारलंत का?

पूर्वभाग_मावशी
तिला काय हवंय हे अजून कुणी विचारलेलंच नाही. सकाळपासून माझ्या सुपातली विडीची पानं कात्रीने कापत बसलीय, बोलत नाही. दवाखान्यात नेलं तर पोलिसांना कळवतात म्हणे. खरं का?

नर्स_ताई_सिव्हिल
खरं. अठराखाली गरोदर म्हणजे पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, डॉक्टरला कळवावंच लागतं. पण गर्भपाताच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव द्यायची गरज नाही. डॉक्टरशी हे आधी बोलून घ्या.

यंत्रमाग_७७
पोरगा किती वर्षांचा? प्रेमातलं असेल तर त्याचं आयुष्य का नासवता? पोक्सो म्हणजे सरळ जेल. एक तर माग बंद पडत चाललेत, पोरांना काम नाही, त्यात ही केस. महापालिकेनेही

सात_रस्ता
इथं महापालिका कुठून आली बे?

पूर्वभाग_मावशी
एकोणीसचा आहे. कारखान्यात होता, कळल्यावर हैदराबादला गेला. फोन बंद.

कोर्टकचेरी
अठराखाली तिची संमती होती की नव्हती, कायदा बघत नाही. आणि कळवायची जबाबदारी फक्त डॉक्टरवर नाही, ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकावर आहे. मावशी, यात तुम्हीही आल्या. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. त्या मुलाचं पुढे काय, ते कोर्ट बघेल.

पोलिसांना घाबरू नका. जबाब तुमच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घेतात, होईल तितकं महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. रात्री तिला चौकीत ठेवता येत नाही. तिचं नाव छापायलाही बंदी आहे. वकील फुकट मिळतो, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण विचारा, १५१०० वर फोन करा. बायका-मुलांना उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत.

चादरवाला
एवढं सगळं करून तिच्याशी लग्न कोण करणार पुढे?

नर्स_ताई_सिव्हिल
तुम्हाला कुणी विचारलं?

पूर्वभाग_मावशी
विचारलं तिला. बाळाचं अजून कळत नाही म्हणते, पण त्या माणसाशी लग्न नको हे तीनदा म्हणाली. १०९८ ला फोन लावला, येतो म्हणाले. ग्रामसेवकालाही भाच्याने कळवलंय. समितीपुढे काय काय न्यायचं? आज माल द्यायला कारखान्यात गेले नाही तर मजुरी बुडते, पण बुडू दे.

कोर्टकचेरी
दहावीची मार्कशीट किंवा शाळेचा दाखला, तुमचं रेशनकार्ड, वडिलांच्या फोनचं रेकॉर्डिंग असेल तर ते. लग्नाची पत्रिका छापली असेल तर तिचा फोटो.

नर्स_ताई_सिव्हिल
आणि तिला काहीतरी खायला घालून न्या, तिथं बसावं लागतं. ती बोलेल तेव्हा मध्ये तुम्ही उत्तर देऊ नका.

पूर्वभाग_मावशी
मार्कशीट बहिणीकडे आहे. शाळेतून दाखला मिळेल का आज?