माग विकून पोराला शिलाईच्या कारखान्यात घालावं का?

मागवाला_वडगाव:
परवा आमच्या गल्लीतले चार साधे यंत्रमाग, म्हणजे विजेवरचे जुने माग, भंगारवाल्यानं नेले. हातोड्यानं फोडून, किलोवर. माझं मत विचाराल तर बेळगावच्या साडीमागावर पुढच्या पिढीचं पोट भरत नाही. सूत व्यापाऱ्याचं, बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, तोही व्यापाऱ्याचा, आपली फक्त साडीमागं मजुरी. सुरतेहून स्वस्त साडी उतरली की बीम मिळायचं बंद, माग आठवडा-आठवडा गप्प. कर्नाटक सरकार १० एचपीपर्यंतच्या मागाला महिन्याला २५० युनिट फुकट देतंय, कबूल. पण बंद मागाला फुकट वीज काय कामाची? पोरांनी सरळ शिलाईत जावं. पगार तरी ठरल्या तारखेला येतो.

खासबागकर:
अण्णा, राग मानू नका, पण धंदा मेला नाही, साधा माग म्हातारा झालाय. इचलकरंजीला जाऊन बघा की. रॅपियर आले, एअरजेट आले, हे धोट्याविना चालणारे नवे वेगवान माग, कापड निघतंयच. २०२५ च्या सप्टेंबरपासून कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, तेवढा तरी गळ्याचा फास सैल झाला. आम्ही चार घरं मिळून दोन रॅपियर घालू शकत नाही? जागा, वीज, हिशेब यात एकमेकांवर विश्वास नाही म्हणून अडलंय. सुरतेला शिव्या घालून काय मिळतंय?

मागवाला_वडगाव:
इचलकरंजीचंच घ्या. साध्या मागावर एक कामगार मोजकेच माग बघायचा. रॅपियरवर तोच माणूस त्याहून जास्त बघतो आणि कापडही कितीतरी पट निघतं. धंदा वाचला, पण माणसं किती लागली? चार घरांनी रॅपियर घातले तर चार घरांतली किती पोरं कामावर राहतील, ते सांगा आधी.

कांडीवाली_वैनी:
तुम्ही दोघं मोजताय ते सगळे पुरुष. कांड्या, म्हणजे धोट्यात घालायच्या आडव्या सुताच्या नळ्या, कोण भरतं? लग्न झाल्यापासून मी भरते. मजुरी साडीवर, ती नवऱ्याच्या हातात. माझी कांडी कुठल्या हिशेबात? हातमागाच्या २०१९-२० च्या गणनेत देशात ३५ लाखांवर विणकर-कामगार निघाले, त्यात २५ लाखांवर बायका. यंत्रमागाच्या घरातल्या आम्हाला कुणी मोजायचं?
मी दोन वर्षं शिलाई कारखान्यात काढली (नाव सांगत नाही, उगीच ओळखीच्यांना त्रास). तासाला टार्गेट, सुपरवायझर डोक्यावर, संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. तरी पगार माझ्या खात्यात यायचा, पीएफ कापायचे. सासूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "तुला किती मिळतात गं?"

निपाणीचा_पोरगा:
वैनींचं पटतं, पण शिलाईला सोन्याचं अंडं समजू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, तेव्हा निर्यातीवाल्यांचे धाबे दणाणले. सुरतेच्या साडीला भ्यायचं आणि तिकडच्या गिऱ्हाइकावर विसंबायचं, यात फरक काय?
आमच्या निपाणीत बायका घरी बसून विड्या वळतात. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणारी बाईसुद्धा कामगार धरली गेली (२०२५ च्या नोव्हेंबरपासून तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला), पीएफही लागतो. ठेकेदार चोरी करतात ते वेगळं, पण भांडायला कागद हातात असतो. मग घरी कांडी भरणारीला तसा कागद का नको? माग विकायचा की ठेवायचा, यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो.

खासबागकर:
ओ, व्यापारी आमच्याशीच धड करार करत नाही, पीएफ कोण भरणार? उद्या बीमच देणार नाही.

निपाणीचा_पोरगा:
विडी कारखानदार पण हेच म्हणायचे.

मागवाला_वडगाव:
वैनी, एक सांगा. त्या कारखान्यात पोरांना घेतात का, की फक्त बायकाच? माझा दहावी नापास आहे. मागावरची सोडणी-बांधणी येते त्याला, बाकी काही नाही.

कांडीवाली_वैनी:
मशीनवर बहुतेक बायकाच. पोरं कटिंगला आणि इस्त्रीला. उद्या फोन करून विचारते. पण माग लगेच फोडू नका, अण्णा. निदान पोराचा पहिला पगार होऊ दे.