आईच्या हळदीच्या कॅप्सूल आणि वॉरफॅरिन: बंद करायला सांगू का?

सावली:
जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आई ६६ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, धातूची बसवलीये. तेव्हापासून वॉरफॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढला की रक्तस्रावाची भीती) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि तो इतकी वर्षं गुणी बाळासारखा ३ च्या आसपास असायचा. आजच्या रिपोर्टमध्ये ४.६ आलाय. खाण्यात बदल नाही, अँटिबायोटिक नाही, गोळी दोनदा घेतली म्हणावं तर डबीचे कप्पे मी स्वतः भरते.

मग तिच्या उशाशी एक बाटली दिसली. हळदीच्या कॅप्सूल, सहा आठवड्यांपासून, रोज दोन. "अगं ते औषध कुठे आहे, हळद आहे नुसती," म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. लेबल इतकं बारीक की फोटो काढून मोठा करून वाचलं: एका कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क ५०० मि.ग्रॅ., त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची हळदीतली द्रव्यं. सगळ्यात खाली, मिरीचा अर्क ५ मि.ग्रॅ.

अडचण अशी की तिची गुडघेदुखी खरंच कमी झालीये. आधी जिना उतरताना कठडा धरून, आडवी होऊन एकेक पायरी उतरायची. आता सरळ उतरते. त्यामुळे बंद कर म्हणायला जीभ उचलत नाही. आयएनआर यानेच वाढला असेल का? आणि बिनमिरीच्या कॅप्सूल चालतील का? डॉक्टरांची वेळ परवाची आहे.

अर्धविराम:
परवा नाही, आज फोन करा. आकडा सांगा, कॅप्सूलचं सांगा. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी लालसर, शौचाला काळं, डोक्यात जोराची कळ, यातलं काही असेल तर फोनही नको, थेट दवाखाना गाठा. आणि वॉरफॅरिन स्वतःच्या मनाने थांबवू नका. धातूच्या झडपेवर गुठळी होणं हे रक्त पातळ होण्याइतकंच वाईट.

जुनं_खोड:
हळद खाऊन कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही बुवा. उगाच घाबरवू नका त्यांना.

अर्धविराम:
काका, हिशोब करून बघा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. यांच्या आईच्या पोटात रोज ९५० मि.ग्रॅ. जातंय. तेवढं पुडीतून मिळवायचं तर ३० ग्रॅमच्या वर हळद लागेल, म्हणजे चहाचे दहाएक चमचे. रोज. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची जी मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलीये ती वजनाच्या दर किलोला रोज ३ मि.ग्रॅ., म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०. ही औषधाची मर्यादा नव्हे, पण अंदाज येतो.

त्यात मिरी. कर्क्युमिन नुसतं घेतलं तर रक्तात जेमतेम पोचतं. आतडं आणि यकृत त्याचा लगेच निकाल लावतात. मिरीतलं पायपेरीन नेमकं तेच काम अडवतं. १९९८ च्या एका प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मि.ग्रॅ. पायपेरीन दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. जाहिरातीत हा आकडा मोठ्या टायपात असतो. पण पायपेरीनला काय कळतंय, समोर कर्क्युमिन आहे की दुसरी गोळी? फिटांवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातली पातळीही ते वाढवतं.

सावली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दाट शक्यता आहे. न्यूझीलंडच्या मेडसेफने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१८ मध्ये असाच इशारा दिला होता. वॉरफॅरिनवरच्या रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि आयएनआर १० च्या वर गेला. बिनमिरीच्याही नकोत. कर्क्युमिन स्वतःही रक्ताच्या गोठण्यात ढवळाढवळ करू शकतं, आणि 'नॅनो', 'फायटोसोम' वगैरे प्रकार शोषण वाढवण्यासाठीच बनवलेले असतात.

चकवा:
वॉरफॅरिनचं मला माहीत नाही, यकृताचं सांगतो. तीन महिने अशाच कॅप्सूल घेतल्या. डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी "हळदीचा रंग चढला" म्हणून चेष्टा केली. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा, ९०० च्या पुढे! डॉक्टरांनी तीनदा विचारलं, काही औषध घेता का, आणि मी तीनदा 'नाही' म्हणालो. सावलीच्या आईसारखंच. बंद केल्यावर पूर्ववत व्हायला दोन-अडीच महिने लागले.

अर्धविराम:
हे क्वचित होतं, पण होतं. अमेरिकेत अशा १० रुग्णांची तपशीलवार नोंद झाली, त्यात सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हे एकच जनुकीय रूप सापडलं. म्हणजे शेजाऱ्याला पचलं ते तुम्हाला पचेलच असं नाही. पित्ताशयात खडे असतील, मुतखड्याचा त्रास असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, तरीही या कॅप्सूल नकोत.

सावली:
फोन केला, रक्तस्राव काही नाही. पण मग गुडघा? तो मनाचा खेळ होता का?

टाचणी:
नसावा. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीवाल्यांवर चार आठवडे तुलना झाली होती (२०१४), रोज १५०० मि.ग्रॅ. हळदीचा अर्क विरुद्ध १२०० मि.ग्रॅ. आयबुप्रोफेन. दुखणं जवळपास सारखंच कमी झालं, पोटाचे त्रास अर्काने कमी. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ७० जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. नकली गोळीपेक्षा दुखणं कमी झालं, पण एमआरआयवर सांध्यातली सूज होती तेवढीच. लहान आणि थोड्या दिवसांचे अभ्यास आहेत, पण आईंना खोटं पाडू नका. कॅन्सर, विस्मरण, साखर असं सगळं एकाच बाटलीत बरं होतं म्हणतात, त्यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही.

आयबुप्रोफेनकडे वळू नका हं, वॉरफॅरिनबरोबर ते आणखी वाईट. पॅरासिटामॉलही रोज घ्यायचं झालं तर डॉक्टरांना सांगूनच.

सावली:
पाच दिवसांनी कळवतेय. कॅप्सूल बंद, वॉरफॅरिनचा एक डोस गाळायला सांगितला होता. काल आयएनआर ३.१. आता तो उलट खाली घसरू शकतो म्हणून महिनाभर दर आठवड्याला तपासणी. बाटली फेकली नाही, लेबल दाखवायला फाइलबरोबर ठेवलीये.

फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिलाय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून पाच आकडे मोजायचे, असं दहा वेळा. आई तीनवरच सोडते आणि माझ्याकडे बघत "पाच" म्हणते. जिना पुन्हा कठडा धरून.