मंगेश देव प्रियोळला कसा आला?

एकांनी लिहिलंय की गोव्यातले मुसलमान झाडून सगळे बाहेरून आलेले. मग १५१० साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा शहर घेतल्यावर ज्या मुसलमानांची कत्तल केली ते कोण होते?

पुढे पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये नदीपार प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गाही पुढे कवळ्याला. ती हद्द आदिलशाहीची! फोंड्याची साफा मशीदही १५६० सालीच बांधलेली. (आदिलशहा काही साधुसंत नव्हता, ठाऊक आहे.) पण आपली कुलदैवतं तिथे तगली, हे जत्रेला नेताना मुलांना किती जण सांगतात? आणि मुसलमान नाव ऐकताच 'खोली आत्ताच गेली हो' म्हणणारे घरमालकही आपल्यातलेच. प्रियोळच्या मंगेशी देवळाहून साफा मशीद लांब नाही, पोरांना दोन्ही दाखवा.